बोट पाण्यापर्यंत नेताना

(पावसाळ्यापूर्वीच्या तयारीसाठी भरलेल्या शिबिरात नदीकाठच्या गावांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्याच्या तोंडावर भरणाऱ्या अशा शिबिरांत बोटीविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. २०१९ च्या ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली. त्या घटनेनंतर बोटीत माणसे किती घ्यावीत, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट कसे असावे, इंजिन कोणी चालवावे यांविषयी गावोगाव जाणीव वाढली. परंतु हा सारा विचार बोट पाण्यात उतरल्यानंतरचा आहे. बोट पाण्यापर्यंत जाते ती जमिनीवरून. ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या शेडमधून निघून, ट्रॉलीवर चढून, वेशीतून, बाजारपेठेतून, पाणंदीतून, उसाच्या फडाच्या कडेने ती नदीपर्यंत येते. या प्रवासात तिच्या डोक्यावर काय काय असते, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

पूर्वी आपल्याकडे हा प्रश्न नव्हता. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी पूर आला की गुऱ्हाळाची काहील बाहेर काढीत आणि तीत बसवून माणसे पैलतीरी नेत. काहील बैलगाडीतून आली तरी तिची उंची ती काय असणार! शिवाय त्या काळी शिवारात विजेची तारही नव्हती. आज नदीकाठी दर काही अंतरावर पाणी उपसणारे विजेचे पंप आहेत आणि प्रत्येक पंपापर्यंत तारा गेलेल्या आहेत. वीज आल्याने शेती बागायत झाली ही आनंदाची गोष्ट. मात्र ज्या वाटेने पूर्वी काहील गेली, त्याच वाटेने आज फायबरची बोट ट्रॉलीवर चढवून न्यायची असेल, तर मधल्या काळात त्या वाटेवर एक छत उभे राहिले आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. हे छत डोळ्यांना सहज दिसत नाही. संध्याकाळी, पावसात, ढगाळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर तर ते मुळीच दिसत नाही.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पुण्याजवळ असलेली तुकडी येते तेव्हा तिच्या रबरी बोटी घडी करून ट्रकमध्ये ठेवलेल्या असतात. हवा भरायची ती पाण्याजवळ. त्यामुळे वाटेतल्या तारांचा प्रश्न त्यांना फारसा भेडसावत नाही. प्रश्न आहे तो गावाने स्वतःसाठी ठेवलेल्या, घडी न होणाऱ्या कडक बांध्याच्या बोटीचा. तसाच तो धरणाच्या जलाशयांत मासेमारीसाठी किंवा पर्यटनासाठी किनाऱ्यावरून घाट चढून नेल्या जाणाऱ्या होड्यांचा आहे, आणि कोकणात बांधणीच्या जागेपासून खाडीपर्यंत ओढत न्याव्या लागणाऱ्या मच्छीमार नौकांचाही आहे. शिडाच्या होड्यांचा प्रकार आणखी वेगळा. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवितात. अशा होडीची ॲल्युमिनियमची डोलकाठी म्हणजे आकाशाकडे रोखलेला विजेचा वाहकच होय. म्हणून डोलकाठी आडवी करून, बांधून, मगच होडी रस्त्याने हलवावयाची आणि पाण्याजवळ ती उभारण्यापूर्वी मान वर करून पाहावयाचे, हा त्या खेळातील पहिला धडा मानला जातो.

आता थोडे आकडे सांगतो. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर असल्याने आकड्यांना मीही भितो. पण हे आकडे बेरजेपलीकडचे नाहीत.

विजेच्या उघड्या तारा जमिनीपासून किती उंच असाव्यात याचे नियम १९५६ च्या भारतीय विद्युत नियमावलीत घातलेले होते. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये सुरक्षिततेचे विनियम केले. रस्ता ओलांडून जाणारी घरगुती दाबाची तार किमान ५.८ मीटर आणि ११ किंवा ३३ हजार व्होल्टची उच्चदाब तार किमान ६.१ मीटर उंच असली पाहिजे. रस्त्याच्या कडेने समांतर जाणाऱ्या तारांसाठी हेच आकडे अनुक्रमे ५.५ व ५.८ मीटर आहेत. येथवर कोणालाही वाटेल की, आपली बोट काही सहा मीटर उंच नाही. पण नियमाचा तिसरा भाग फारसे कोणी वाचत नाही. सार्वजनिक रस्ता सोडून इतरत्र, म्हणजे शेतातून, माळावरून, मळ्यातून जाणारी ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार केवळ ४.६ मीटर उंचीवर असली तरी ती नियमात बसते.

मित्रहो, आपली बोट शेवटचा अर्धा किलोमीटर कोठून जाते? शेतातूनच. म्हणजे जेथे वाट सर्वांत खराब, चिखल सर्वांत जास्त, उजेड सर्वांत कमी आणि घाई सर्वांत मोठी, नेमक्या त्या ठिकाणी तार सर्वांत खाली असण्याला नियमानेच मुभा आहे. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. शेतातून उंच वाहने जात नाहीत असे गृहीत धरून तो केलेला आहे. बोट हे त्या गृहीतात न बसणारे वाहन आहे, आणि तिचा विचार गावानेच करावयाचा आहे.

ही बेरीज प्रत्यक्ष करून पाहू. एखाद्या ट्रॉलीचा तळ जमिनीपासून साधारण १.१ मीटर उंच आहे असे धरा. बोट घसरू नये म्हणून खाली लाकडी ओंडके दिले, त्यांचे २० सेंटिमीटर. बोटीची काठापर्यंतची खोली ९० सेंटिमीटर. झाले २.२ मीटर. येथपर्यंत काळजी नाही. परंतु बोटीवर पाऊस-ऊन लागू नये म्हणून लोखंडी पाइपांची कमान आणि तिच्यावर ताडपत्री बसविलेली असते. ती काठापासून १.७ मीटर वर आली तर एकूण उंची ३.९ मीटर झाली. तारेखाली राहिले ७० सेंटिमीटर. ट्रॉलीचे चाक खड्ड्यातून बाहेर उसळले, त्यात आणखी १५-२० सेंटिमीटर गेले. आणि आता मुख्य गोष्ट. बोट हलू नये म्हणून तिच्यात दोन तरुण उभे असतात. त्यांतील एकाच्या हातात नाव रेटण्याचा बांबू असतो आणि तो उभा धरलेला असतो. त्या मुलाचे पाय जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, त्याचा हात त्याहून दोन मीटर वर, आणि बांबू त्याच्याही वर. ही बेरीज ४.६ च्या पलीकडे केव्हा गेली हे त्याला कळत नाही, कारण त्याचे लक्ष खाली चिखलात रुतणाऱ्या चाकाकडे असते.

म्हणून माझे पहिले आग्रहाचे सांगणे हे की, बोट रस्त्यावर असताना तिच्यात एकही माणूस नसावा. बांबू, वल्ही, गळ, झेंड्याची काठी, सर्चलाइटचा खांब हे सर्व आडवे करून बोटीच्या तळाशी बांधलेले असावे. ताडपत्रीची कमान सुटी होणारी असेल तर ती काढून ठेवावी आणि सुटी होणारी नसेल तर लोहाराकडून तशी करून घ्यावी. हे काम एका दिवसाचे आहे, आणि ते मे महिन्यातच करावयाचे.

तारेची उंची कागदावर स्थिर असते. प्रत्यक्षात ती दिवसागणिक बदलते. दोन खांबांमध्ये तारेला झोळ असतो हे आपण रोज पाहतो. धातू तापला की प्रसरण पावतो, हे शिक्षक मंडळी सातवी-आठवीत शिकवितातच. मे महिन्याच्या दुपारी भारही जास्त आणि ऊनही जास्त; त्या वेळी तार पहाटेपेक्षा लांब झालेली, म्हणजेच मध्यभागी खाली आलेली असते. त्यातून काळ्या मातीतला खांब पावसात कलतो, ताण सैल होतो, एखाद्या वर्षी पुराचे पाणी खांबाच्या मुळाशी खोदून जाते. गतवर्षी या तारेखालून बोट सुखरूप गेली होती, हा यंदाच्या वर्षीचा पुरावा होऊ शकत नाही. तार सर्वांत खाली असते ती दोन खांबांच्या मध्यावर. शक्य तेथे वाट खांबाजवळून काढावी, हे त्यामुळेच सांगितले जाते.

तार खाली येण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात तार हलतच नाही. रस्ता वर येतो. येथे बसलेल्या पंचायत सदस्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हा विषय सर्वस्वी आपल्या हातातला आहे. दर काही वर्षांनी रस्त्यावर खडीचा आणि डांबराचा नवा थर चढतो. गावात काँक्रीटचा रस्ता होतो तेव्हा तो जुन्या पातळीपेक्षा उंच होतो. पूर येतो म्हणून भराव घालून रस्ता उंच करा अशी मागणी तर नदीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेत असते. रस्ता अर्धा मीटर वर आला की तार अर्धा मीटर खाली आली. तमिळनाडूत तंजावरजवळच्या कळिमेडू गावी २०२२ च्या २७ एप्रिलला पहाटे देवाचा रथ उच्चदाब तारेला लागला आणि अकरा माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत मुलेही होती. रथ तोच, मार्ग तोच आणि उत्सवही वर्षानुवर्षांचा. त्या मार्गावरील रस्त्याची पातळी वाढविण्यात आली होती, ही बाब त्या वेळी पुढे आली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये त्रिपुरातील कुमारघाट येथे उलट्या रथयात्रेत लोखंडी रथ तारेला लागून अनेकांचे प्राण गेले. रथ काय, ताबूत काय, गणरायाची उंच मूर्ती काय, कडब्याची गाडी काय आणि बोट काय, उंच ओझे चाकांवर घालून माणसे ओढू लागली की प्रश्न एकच असतो.

रस्ता अथवा पूरसंरक्षक भराव उंच करावयाचा असेल तर त्यावरून जाणाऱ्या तारांच्या मालकाला आणि विद्युत निरीक्षकांना आधी लेखी कळवावे, अशी तरतूद १९५६ च्या नियमांतही होती आणि २०१० च्या विनियमांतही ती घालण्यात आली. किती ग्रामपंचायतींच्या दप्तरी अशा पत्राची प्रत सापडेल, हा प्रश्न मी विचारीत नाही. परंतु यापुढे रस्त्याच्या अंदाजपत्रकाला मंजुरी देताना तारा उंच करण्याचा खर्च त्यात धरला आहे काय, हे एकदा विचारावे. खांब बदलणे रस्त्याच्या खर्चाच्या मानाने लहान बाब असते. रस्ता झाल्यावर मात्र तिच्यासाठी निधी कोणत्या शीर्षाखाली मागावा हेच कोणाला समजत नाही, आणि फाइल फिरत राहते.

त्याच नियमावलीत ८२-अ असा एक छोटा नियम होता; २०१० च्या विनियमांत तो ६४ व्या क्रमांकावर आला. त्याचा आशय असा की, सळया, पाइप किंवा तत्सम वस्तू उघड्या तारांच्या खालून किंवा जवळून न्यावयाच्या असतील आणि त्यामुळे सुरक्षित अंतर कमी होण्याचा संभव असेल, तर जाणकार माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच त्या न्याव्यात. जाणकार माणूस म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे चालून हात हलविणारा नव्हे. तो म्हणजे वीज कंपनीचा कर्मचारी, ज्याला महावितरणने आता ‘जनमित्र’ असे नाव दिले आहे आणि गाव अजूनही वायरमन म्हणते. त्याच्याजवळ उपकेंद्रातून वाहिनी बंद करून घेण्याचे परमिट असते, तारा खरोखर मृत झाल्याची खात्री करण्याचे साधन असते, आणि दोन्ही बाजूंनी ती भूमीला जोडण्याचे ज्ञान असते.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे एक अत्यंत घातक प्रथा रूढ आहे. मिरवणूक असो वा उसाची ट्रॉली, पुढे एक जण लांब बांबू घेऊन चालतो आणि वाटेत आडवी आलेली तार त्या बांबूने उचलून धरतो. याला कौशल्य समजले जाते आणि हे काम करणाऱ्याचे कौतुकही होते. वाळलेला बांबू घरगुती दाबाला कदाचित दाद देणार नाही. परंतु पावसात भिजलेला, चिखलाने माखलेला, ओल्या हातांत धरलेला बांबू म्हणजे विजेला दिलेली वाट आहे. ११ हजार व्होल्टच्या तारेच्या बाबतीत तर कोरड्या-ओल्याची चर्चाच करू नये. शिवाय उचललेली तार शेजारच्या तारेला टेकली तर ठिणग्या उडून तार तुटते आणि ती खाली उभ्या असलेल्या गर्दीत पडते. ग्रामपंचायतीने ठराव करून ही प्रथा बंद करावी असे माझे स्पष्ट मत आहे. काही गोष्टी समजावून सांगण्याच्या असतात, काही बंद करण्याच्या असतात.

मग तारेची उंची मोजावयाची कशी? पट्टी किंवा काठी तारेपर्यंत नेऊन कधीही नाही. वीज कंपनीकडे खाली जमिनीवर ठेवून ध्वनिलहरींनी उंची सांगणारे उपकरण असू शकते. नसले तरी त्यांचे अभियंते इतर मार्गांनी ती काढून देतात. अंदाजासाठी मात्र शाळेची कंपासपेटी पुरेशी आहे. ४५ अंशांचा गुण्या घ्यावा, त्याची एक बाजू जमिनीला समांतर धरावी आणि तिरप्या बाजूवरून तार दिसेपर्यंत तारेपासून काटकोनात मागे सरकत जावे. जेथे तार बरोबर रेषेत येईल तेथून तारेच्या थेट खालच्या बिंदूपर्यंतचे अंतर टेपने जमिनीवर मोजावे आणि त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवावी. ही झाली तारेची उंची. समरूप त्रिकोणांचा धडा वर्गात रटाळ वाटतो अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. त्यांना एकदा नदीच्या वाटेवर न्यावे. अर्थात हा अंदाज आहे हे विसरू नये. गुण्या धरण्यात तीन अंशांची चूक झाली तर उत्तरात जवळजवळ अर्ध्या मीटरचा फरक पडतो. म्हणून शाळेच्या मोजणीचा उपयोग संशयित तारा शोधण्यासाठी करावा. तारेखालून जाण्याची परवानगी म्हणून नव्हे. मुलांनी शोधलेल्या तीन-चार सखल तारांची यादी सरपंचांच्या सहीने उपकेंद्राकडे गेली की पुढचे काम अभियंत्यांचे.

बोटीची उंची मोजणे त्या मानाने सोपे, पण तेही नीट करावे लागते. बोट ट्रॉलीवर चढवून, दोर आवळून, टायरांत हवा भरलेली असताना, सपाट जागेवर मोजावे. सर्वांत उंच टोकावर एक सरळ काठी आडवी ठेवावी आणि तिच्या टोकापासून जमिनीपर्यंत ओळंबा सोडावा. मागे टांगलेले इंजिन वर उचलून ठेवल्यास त्याचे टोक कोठे येते हे पाहावे. पुष्कळदा तेच सर्वांत उंच असते. आलेला आकडा रंगाने ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर आणि ट्रॅक्टरचालकाला बसल्या जागी दिसेल असा लिहावा. पुराच्या रात्री ट्रॅक्टर ज्याचा मिळेल त्याचा असतो. गेल्या वर्षी मोजमाप कोणी केले होते हे त्याला ठाऊक नसते; रंगवलेला आकडा मात्र त्याला दिसतो.

तारांखेरीज इतर अडथळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन नियमांप्रमाणे २०२० मधील दुरुस्तीनंतर मालवाहू वाहनाची उंची सर्वसाधारणपणे ४ मीटरपर्यंत आणि रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. रुंद नौका मोठ्या रस्त्याने न्यावयाची झाल्यास त्यासाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेच्या फाटकावर दोन्ही बाजूंना ४.६७ मीटर उंचीची लोखंडी चौकट उभी असते. तिच्यापलीकडे २५ हजार व्होल्टची तार आहे, म्हणून त्या चौकटीला लागणारे ओझे तेथूनच मागे फिरवावयाचे. जेथे पूर्वी तार नव्हती तेथे आता ती आहे, हेही ध्यानात घ्यावे. कोकण रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणाचे लोकार्पण २०२२ च्या जूनमध्ये झाले. रेल्वेखालच्या भुयारी मार्गात दुहेरी गफलत होते. एक तर पाटीवर लिहिलेली उंची जुन्या रस्त्याची असते आणि वर नवे थर चढलेले असतात. दुसरे असे की लांब ट्रॉली खोलगट भागात उतरते तेव्हा तिची पुढची व मागची चाके दोन्हीकडच्या चढांवर असतात आणि मधला भाग खालच्या रस्त्यापासून नेहमीपेक्षा उंच राहतो. आणि गावाच्या स्वागत कमानी! त्या उभारताना कोणीही बोटीचा, अग्निशामक बंबाचा किंवा कापणीयंत्राचा विचार केलेला नसतो. नेत्यांच्या नावांची अक्षरे किती मोठी असावीत यावर मात्र बैठका होतात.

आता पुढची पायरी. बोट पाण्यात उतरली म्हणजे हा प्रश्न संपला, असे आपल्याला वाटते. वास्तविक तो तेथे अधिक बिकट होतो. पेठेतील रस्त्यावर तार ५.८ मीटर उंच आहे. रस्त्यावर अडीच मीटर पाणी चढले. आता पाण्यापासून तार राहिली ३.३ मीटर. बोटीत उभ्या असलेल्या माणसाचा वर केलेला हात दोन मीटरच्या पुढे जातो. त्याने वल्हे उभे धरले की तार त्याच्या टप्प्यात आली. घरांना गेलेल्या जोडण्यांच्या वायरी तर याहूनही खाली लोंबत असतात. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण शहरात पाणी कसे चढत गेले हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले वा ऐकले आहे. अशा वेळी त्या भागाचा वीजपुरवठा बंद केलेला असतोच, असे सर्वजण धरून चालतात. बहुधा तो असतोही. पण कोणत्या वाहिन्या बंद आहेत, शेजारच्या उपकेंद्रावरून येणारी एखादी वाहिनी चालू राहिली आहे काय, कोणाच्या घरातील जनित्र किंवा इन्व्हर्टर उलट बाजूने तारेत वीज सोडीत नाही ना, याची खात्री उपकेंद्राकडून घेतल्यावाचून बोट पेठेत नेऊ नये. बोटीवर जाणाऱ्याजवळ उपकेंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. १९१२ हा क्रमांक सर्वत्र आहेच. पण पुराच्या रात्री ओळखीचा आवाज पलीकडे असलेला बरा.

शेवटी, इतके करूनही बोट तारेला लागलीच तर काय करावे? रबरी टायर आपले रक्षण करील या भ्रमात कोणी राहू नये. ओल्या, चिखलाने माखलेल्या टायरचा ११ हजार व्होल्टपुढे पाड लागत नाही. बोट फायबरची आहे म्हणून ती सुरक्षित आहे, हेही खरे नाही. तिच्यावर पाणी असते, इंजिन असते, लोखंडी कड्या असतात. अशा प्रसंगी ट्रॅक्टरचालकाने जागचे हलू नये. ट्रॅक्टर मागे घेऊन तार सुटत असेल तर तेवढेच करावे. नाहीतर स्वस्थ बसावे. इतरांनी किमान दहा मीटर दूर उभे राहावे आणि चालकाला ओढून काढण्यासाठी कोणीही धावू नये. अशा अपघातांत बळींची संख्या वाढते ती बहुतेक वेळा मदतीला धावणाऱ्यांमुळे. आग लागली आणि उतरणे भागच पडले, तर चालकाने एक हात ट्रॅक्टरला आणि एक पाय जमिनीला असे उतरू नये. दोन्ही पाय जुळवून, ट्रॅक्टरला स्पर्श न करता, उडी टाकावी आणि पाय जुळलेलेच ठेवून लहान लहान उड्या मारीत दूर जावे. जमिनीत पसरलेल्या विजेचा दाब दर पावलागणिक बदलतो; मोठे पाऊल टाकले की दोन पायांमध्ये तो फरक पडतो आणि वीज अंगातून वाहते. गुरे अशा ठिकाणी माणसांआधी का पडतात, त्याचे कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांमधील अंतर हेच आहे. तारेतून ठिणग्या येणे थांबले म्हणजे ती मृत झाली असेही समजू नये. उपकेंद्रातील यंत्रणा काही क्षणांनी वीज आपोआप पुन्हा सोडू शकते. वायरमन सांगेल तेव्हाच जवळ जावे.

तंत्राच्या ज्या बाबींना मी केवळ स्पर्श केला त्यांविषयी आपल्या शंका असतील. वीज उपकेंद्राचे सहायक अभियंता येथे उपस्थित आहेत आणि त्यांनी आपल्या भागातील शेतवाहिन्यांचे नकाशे सोबत आणले आहेत. प्रत्येक गावाने आपल्या बोटीची शेडपासून नदीपर्यंतची वाट त्या नकाशावर पेन्सिलीने काढून त्यांच्याकडे द्यावी. जेथे ती वाट तार ओलांडते तेथे ते खूण करतील आणि येत्या पंधरवड्यात त्या जागा प्रत्यक्ष पाहून जातील, असे त्यांनी मान्य केले आहे. पेन्सिली शिक्षक मंडळींकडे आहेतच. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांपासून सुरुवात करू या.